जुनी अल्टो तापते. इंजिन खोलण्याआधी पाणी कुठं जातं ते शोधा

पत्र: माझी २००८ ची अल्टो आहे, १ लाख १८ हजार किलोमीटर झाली. गाव अमळनेर. गेल्या उन्हाळ्यापासून गाडी तापते. हायवेवर काटा निम्म्यावर स्थिर असतो, पण रेल्वे फाटकावर एसी लावून उभं राहिलं की वर चढायला लागतो. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना तर एसी बंदच करावा लागला. आठ-दहा दिवसांत अर्धा लिटर पाणी कमी होतं, ते मी घरच्या बोअरचं भरतो. दोन वर्षांपूर्वी एका मिस्तरीनं ‘आपल्याकडच्या उन्हात याचं काय काम’ म्हणत थर्मोस्टॅट काढून टाकला. आता दुसरा म्हणतो, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलू. पान्ह्यांचा संच, जॅक, मल्टिमीटर घरात आहे. मोटरसायकलचं काम मी स्वतःच करतो. यातलं घरी काय जमेल? – एक शिक्षक, अमळनेर

उत्तर:

सर, इंजिन खोलायला इतक्यात हो म्हणू नका. तुमच्याच पत्रातली एक ओळ त्या निदानाशी जुळत नाही: हायवेवर काटा निम्म्यावर स्थिर असतो. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) चांगलंच गेलं असेल किंवा रेडिएटर आतून बराच तुंबला असेल, तर गाडी सलग ८०च्या वेगात आधी तापते, कारण इंजिन तिथं जास्त उष्णता तयार करतं. तुमची गाडी वेगात थंड राहते आणि उभी राहिली की तापते. वेगात वारा फुकट मिळतो, फाटकावर तो पंख्यानं ओढावा लागतो. घाटात दोन्ही बाजूंनी अडचण: भार हायवेपेक्षा जास्त, वेग सायकलसारखा. म्हणून पहिला संशय पंखा आणि रेडिएटरच्या जाळीवर. त्यापाठोपाठ बोअरच्या पाण्यावर, आणि ते अर्धा लिटर जातं कुठं यावर.

तरीही गॅस्केटची तपासणी आधीच उरकून घ्या. फुकट आहे आणि दहा मिनिटांची आहे. सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना रेडिएटरचं झाकण काढा (गरम इंजिनावर ते कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं). पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे. पण पहिल्या दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना, बुडबुडे सलग येत राहिले किंवा ॲक्सिलरेटर दिल्यावर पाणी उसळून बाहेर आलं, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. मग ऑइलची डिपस्टिक बघा. ऑइलला दुधाळ चहाचा रंग आला असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय आणि गाडी आहे तिथंच उभी ठेवायची. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसता थोडा पिवळट फेस दिसला तर घाबरू नका. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) नसलेल्या आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तो फेस धरतो. सायलेन्सरमधून थंडीत निघणारी वाफही चालेल; गाडी तापल्यावरही पांढरा धूर (पाण्यात कूलंट असेल तर गोडसर वासाचा) येत राहिला तर तो गॅस्केटचा.

इथं काही सापडलं नाही, तर हरवलेल्या पाण्याच्या मागे लागा. गाडी फिरवून आणा, फरशीवर उभी करा आणि खाली पुठ्ठा अंथरा. ओल शोधण्यापेक्षा पांढरी किंवा हिरवट खपली शोधा. गरम धातूवर पाणी लगेच वाळतं आणि क्षार तेवढे मागं राहतात. बघायच्या जागा अशा: वरच्या-खालच्या होजची टोकं, हीटरकडे जाणारे दोन बारीक होज, रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकची टाकी यांचा सांधा, आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक. ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं: पंपाचं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. तिथं खपली असेल तर पंप संपत आलाय. भोक बंद करायला एम-सील लावू नका, काही दिवसांत बेअरिंग जाईल. शेजारच्या सीटखालचं कार्पेटही हातानं दाबून बघा. ओलं असेल तर ते एसीचं पाणी असू शकतं, एसीची नळी तुंबली की ते आत येतं. त्याला वास नसतो. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरची कॉइल गळतेय.

बाहेर कुठंच खूण नाही, तर बहुधा झाकण. रेडिएटरचं झाकण हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग. त्यावर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे ०.९ बार दाबापर्यंत ते पाणी आत कोंडून ठेवतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, या दाबाखाली ११८ च्या आसपास. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की हे १८ अंश गेले. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर असताना ते १८ अंश फार मोठे आहेत. पाणी आधी उकळतं, बाजूच्या बाटलीत जातं आणि बाटली भरली की रस्त्यावर. झाकणात मधोमध एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो; गाडी थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. तो चिकटला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असतो. झाकण नवंच घ्या आणि आकडा तोच घ्या. १.१ चं बसवून ‘जास्त दाब, जास्त थंड’ असा हिशेब करू नका, जुन्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा आधी सुटेल.

आता पंखा. गाडी उभी करून चालू ठेवा, एसी बंद, आणि काटा निम्म्याच्या थोडा वर जाऊ द्या. पंखा लागतो का? लागत नसेल तर गाडी बंद करा. इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं कनेक्टर काढा आणि चावी फक्त ‘ऑन’ करा. बहुतेक एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत सेन्सरकडून खबर मिळाली नाही की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सावधगिरी म्हणून पंखा लावून टाकतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याची काळजी नको. पंखा फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, सेन्सर संशयित. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच) बघा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. तरीही नाही, तर मोटरचं कनेक्टर काढून, मध्ये १५-२० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरनं बॅटरीवरून थेट वीज द्या. बोटं आणि शर्टाची बाही पात्यांपासून लांब. मोटर थेट विजेवरही फिरत नाही, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळूच ठोकल्यावर फिरते, म्हणजे कार्बन ब्रश संपलेत.

फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका. जुनी मोटर फिरते, पण संथ. चालू पंख्यासमोर, गाडीच्या पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा अर्धा कागद धरा. तो ओढला जाऊन घट्ट चिकटला पाहिजे. गळून पडत असेल तर वारा पुरत नाही. बाहेर ढकलला जात असेल तर कुणीतरी मोटर बदलताना दोन वायरी उलट जोडल्यात. असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, आणि अशी गाडी हायवेवर ठीक चालते, उभी राहिली की तापते. एसी असलेल्या अल्टोला कंडेन्सरचा (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीचा) वेगळा पंखा असतो, एसी लावल्यावर तोही बघा. पंख्याला थेट बटण लावून घेण्याची आपल्याकडे भारी हौस आहे. रिले आणि फ्यूजशिवाय ते केलं की वायर वितळते, आणि बटण दाबायचं विसरलं की इंजिन.

मल्टिमीटर आहेच, तर अर्थिंगही बघून घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय. खराब अर्थनं पंखा मंदावतो, शिवाय काटाही खोटं बोलतो. हेडलाइट लावल्याबरोबर काटा उडी मारत असेल तर ते तापमान नाही.

जाळीकडे मात्र खानदेशात वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. दिवाळीपासून संक्रांतीनंतरपर्यंत मोकळ्या कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे धावतात. मागून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जाळीत रुई बसते. तिच्यावर काळ्या मातीची धूळ, मग गहू-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा. हे सगळं पुढून दिसत नाही, कारण ते एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या फटीत जाऊन गादीसारखं बसतं. टॉर्च मारून वरून त्या फटीत बघा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेनं सोडा, बागेच्या पाइपच्या साध्या धारेनं. सर्व्हिसिंगची प्रेशर गन नको, पत्र्याच्या पापण्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. त्यासाठी रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सोडून तो बोटभर मागे ओढला तरी पुरतं. फक्त आधी पंख्याचं कनेक्टर काढा.

हे सगळं झालं की खरं काम: बोअरचं पाणी बाहेर काढणं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात, हे घरातला गीझर किंवा हीटरचा रॉड रोज सांगतो. तोच थर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत बसतो, आणि उष्णता वाहून नेण्यात तो ॲल्युमिनियमच्या शंभर पटीहून मागे आहे. अर्धा लिटर दर आठ-दहा दिवसांनी म्हणजे वर्षाला १८ ते २३ लिटर. पाणी उडून जातं, क्षार आतच राहतात.

सामान: सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणून मिळतं) १०० ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर १० लिटर (इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात), एथिलीन ग्लायकॉलचं कॉन्सन्ट्रेट कूलंट २ लिटर, नवा थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, नवं झाकण, दोन्ही मोठे होज आणि चार क्लिपा. मूळ होज अजून तसेच असतील तर दाबून बघण्यात वेळ घालवू नका, बदलाच.

इंजिन थंड. हीटरची कळ पूर्ण गरमकडे, म्हणजे हीटरच्या कॉइलमधलं पाणीही फिरेल. खाली तगारी ठेवा आणि रेडिएटरचा ड्रेन प्लग हातानं फिरवा. प्लॅस्टिकचा जुना प्लग हलत नसेल तर पक्कड लावू नका, तुटेल; खालचा होजच सोडा. आता पुन्हा साधं पाणी भरून त्यात लिंबाचं फूल विरघळवून टाका. इंजिन चालू करा, पंखा लागेपर्यंत तापवा, पुढे १५ मिनिटं चालू ठेवा. बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग सोडा. तांबूस-पिवळं, गढूळ पाणी येईल. नंतर रेडिएटरच्या खालच्या तोंडातून साधं पाणी आत सोडून वरच्या तोंडातून बाहेर काढा, म्हणजे नेहमीच्या उलट. अडकलेला गाळ त्याच वाटेनं मागे येतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करत राहा. ॲसिडचा अंश मागे राहू देऊ नका. संडास धुण्याचं ॲसिड वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. आणि एक धोका आधीच सांगतो: क्षाराच्या थरानंच एखादं बारीक भोक बुजवलेलं असेल तर ते आता गळायला लागेल. रेडिएटर मेलेलाच होता, फक्त आत्ता कळलं. हळद टाकून गळती थांबवण्याचा जुना उपाय घरापर्यंत पोचवतो, पण तीच हळद पुढे नळ्यांत गाळ होऊन बसते.

शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनं करा, कारण रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या पोटात लिटरभर पाणी राहतंच. तयार मिसळलेलं कूलंट घेऊ नका असं म्हणतो ते याचसाठी: आतल्या लिटरभर पाण्यात ते आणखी पातळ होतं. या गाडीत एकूण साधारण ४ लिटर मावतं असं धरा, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. आधी दीड लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग वरपर्यंत डिस्टिल्ड. मिश्रण तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर जातं. डब्यावर निम्मं-निम्मं लिहिलेलं असलं तरी ते बर्फाळ प्रदेशासाठी. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, आणि अमळनेरला पाणी गोठायचा प्रश्न नाही. पण तिसऱ्या हिश्शाच्या खालीही जाऊ नका, गंज रोखणारं द्रव्य त्याच कॉन्सन्ट्रेटमध्ये असतं. रंगावरून कूलंट ओळखू नका, हिरवा-निळा-लाल हा कंपन्यांचा खेळ आहे. साधं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं.

काढलेलं जुनं पाणी अंगणात ओतू नका. कूलंट गोड लागतं, कुत्रं, वासरू, शेळी चाटते आणि मरते. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

थर्मोस्टॅट परत बसवायचाच. तो काढल्यानं गाडी थंड राहते हा आपल्या भागातला पक्का समज आहे. खरं म्हणजे तो पूर्ण उघडला की वाट जवळपास मोकळीच असते. नसला की इंजिन उशिरा तापतं. ईसीएमला ते थंड वाटतं, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतो, ऑइल लवकर काळं होतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरतं आणि उलट तापतं. नवा घेतल्यावर बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात लटकवून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाला, बहुतेक ८२ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे. त्याच्या कडेला एक डुगडुगणारी बारीक पिन असते, ती वरच्या बाजूला येईल असा बसवा. अडकलेली हवा तिथूनच निघते. जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडताना ॲल्युमिनियमला ओरखडा पडू देऊ नका. नवं गॅस्केट कोरडंच लावा. सिलिकॉन थापलं की जास्तीचं आत लोंबतं, तुटतं आणि रेडिएटरच्या नळीत जाऊन अडकतं. दोन्ही बोल्ट आलटून पालटून, मनगटाच्या जोरावर. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की लेथवाल्याकडे जावं लागतं.

हवा काढणं घाईघाईत उरकतात आणि तिथंच नवं काम बिघडतं. गाडीचं नाक चढाला लावा किंवा पुढची बाजू जॅक-स्टँडवर उचला. झाकण उघडं, हीटर गरमकडे, इंजिन आयडलवर. पाणी खाली गेलं की भरत राहा. वरचा होज फडक्यानं धरून हळूहळू दाबा, बुडबुडे निघतील. पाणी वर उसळायला लागायच्या आत झाकण लावा, मग पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. हीटरमधून गरम वारा येतोय ना, ते बघा. थंड येत असेल तर हवा अजून आत आहे. पुढचे तीन दिवस सकाळी पातळी बघून बाटली दोन खुणांच्या मध्ये ठेवा. आठवड्यानंतरही पाणी कमी होत राहिलं तर गळती राहिलीय. मग गॅरेजमधून रेडिएटरला हातपंपानं दाब देऊन तपासून घ्या.

हे सगळं करूनही घाटात काटा चढला तर: एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे; मे महिन्यात जीव नको होतो, पण हेड वाचतं. गिअर एक खाली घ्या. तरी चढतच राहिला तर वळण सोडून रुंद जागा बघून थांबा. वाफ दिसत नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन आयडलवर राहू द्या. वाफ असेल किंवा पंखा बंद असेल तर लगेच बंद करा. इंजिनावर गार पाणी ओतू नका, तापलेल्या हेडला तडा जातो. पाऊण तास, इंजिन थंड होईपर्यंत थांबा, मग जाड फडकं घेऊन झाकण पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या, नंतर काढा. ढाब्यावरचं पाणी घालायची वेळ आली तर खुशाल घाला, पण घरी आल्यावर ते काढायचं. आणि खाली उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एकच चाक भाजत असेल तर ब्रेक अडकतोय, आणि इंजिन तोच भार ओढत वर चढलंय.

पंपाला खपली सापडली तर ते काम मात्र गॅरेजला द्या. बाहेरचा पट्टा तुम्ही स्वतः बघू शकता: अंगठ्यानं जोरात दाबल्यावर पाऊण ते एक सेंटिमीटरच दबला पाहिजे. पण पंप काढायला टायमिंग बेल्टची बाजू उघडावी लागते, आणि टायमिंगच्या खुणा एका दात्यानं जरी चुकल्या तरी गाडी नीट चालत नाही. उघडलंच आहे तर बेल्ट आणि टेन्शनर त्याच वेळी नवे घाला, मजुरी एकदाच लागते. आणि तपासणीत गॅस्केटच गेलेलं निघालं तर मिस्तरीला आधी विचारा, हेड लेथवर तपासून फेसिंग (घासून सपाट) करणार का? सरळ पट्टी ठेवून फट ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली आणि तसंच नवं गॅस्केट लावून दिलं, तर ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही. ‘गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा.